सातवी फायनल ते शून्य शिक्षक : कर्जत-खालापूरच्या शाळेचा इतिहास

कर्जत किंवा खालापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एखाद्या उच्च प्राथमिक शाळेत जा, सहावी-सातवीचा हजेरीपट मागा आणि फक्त आडनावे वाचा. वाघमारे, मुकणे, हिलम ही कातकरी घरे. पारधी, निरगुडा, दरवडा ही ठाकर घरे. मधूनमधून एखादे गायकवाड, एखादे कांबळे, म्हणजे आपला बौद्धवाडा. काही कुणब्यांच्या आणि आगऱ्यांच्या गरीब घरची मुले. शाळा खोपोली-रसायनी पट्ट्यात असेल तर उत्तर प्रदेश-बिहारमधून कारखान्यात आलेल्या कामगारांची मुले. गावचा पुढारी, दुकानदार, जमीन विकून बंगला बांधलेला माणूस यांचे मूल त्या पटावर सहसा सापडत नाही.

मग त्याच शाळेचा दुसरा कागद मागा. त्यात तीन रकाने असतात : मंजूर पदे, कार्यरत पदे, रिक्त पदे. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचायची सवय आपल्या कार्यकर्त्यांना लागली पाहिजे, एवढ्यासाठी हा लेख आहे. पटावर कोण आहे हे आपण जातीच्या प्रश्नात मोजतो आणि फळ्यासमोर कोण आहे हे प्रशासनाच्या प्रश्नात टाकतो. आमचे म्हणणे असे की या दोन्ही गोष्टींचा इतिहास एकच आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय आजची लढाई कुठे चालली आहे हे कळणार नाही.

शिकवतो कोण, हा प्रश्न जोतीरावांचा

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. त्यातली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी आपल्याला पाठ आहे. पण त्या निवेदनाचा मोठा भाग शिक्षकांविषयी आहे, तो आपण फारसा वाचत नाही. प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, त्यातले बरेच अप्रशिक्षित आहेत, पगार तुटपुंजा आहे आणि शेतकऱ्यांच्या मुलांत ते मिसळत नाहीत, असे जोतीरावांनी स्पष्ट मांडले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्या, त्यांना प्रशिक्षण द्या, पगार चांगला द्या, ही त्यांची मागणी होती. ज्याला नांगराला हात लावायची लाज वाटत नाही तोच रयतेच्या पोराला शिकवू शकेल, असा त्यामागचा विचार. आजच्या सरकारी भाषेत याला पदभरती आणि सेवाशर्ती म्हणतात. जोतीरावांनी त्या प्रश्नाची जात दाखवून दिली.

त्याच मुंबई इलाख्यात १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला होता. वरिष्ठ जाती दुखावतील म्हणून सरकारने तेव्हा हात वर केले. पुढे १८५८ मध्ये सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या राहतील असे तत्त्व जाहीर झाले, पण तत्त्व कागदावर राहिले आणि गावागावात शाळेची पडवी हीच आपल्या मुलांची जागा राहिली.

बाबासाहेबांच्या साताऱ्यातल्या शाळेची आठवण आपण सारखी सांगतो. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावायचा नाही, शिपायाने वरून पाणी ओतायचे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहायचे. या आठवणीकडे एकदा शाळेतल्या नोकरवर्गाच्या बाजूनेही बघा. त्या मुलाला पाणी मिळणार की नाही हे एका पदावर अवलंबून होते. सवर्ण मुलाला शिपाई असला काय आणि नसला काय, नळ होताच. शाळेतले पद रिकामे राहिले की त्याची किंमत कोणत्या मुलाने चुकवायची हे जात ठरवते. तेव्हा पद शिपायाचे होते. आज ते गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचे आहे.

मार्च १९२७ : तळ्याच्या आठवडाभर आधी

महाडची परिषद १९ आणि २० मार्च १९२७ ला झाली. तिचे नावच कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद होते, आणि आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. कर्जत-खालापूर त्याच जिल्ह्यात. चवदार तळे त्या परिषदेत मोकळे झाले हे साऱ्या जगाला माहीत आहे. पण त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, १२ मार्च १९२७ ला, बाबासाहेब मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या अंदाजपत्रकावर बोलत होते.

त्या भाषणात त्यांनी एक हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत नाव घातलेल्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. मूल शाळेच्या दारातून आत आले म्हणजे काम झाले असे नाही, ते कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. इलाख्यात माणशी शिक्षणावर सरकार १४ आणे खर्च करते आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते, हेही त्यांनी सुनावले.

या दोन तारखा एकत्र वाचा. एकीकडे सार्वजनिक जागेचे दार उघडण्याची लढाई, दुसरीकडे दारातून आत गेलेले मूल आत टिकते की नाही याचा हिशेब. महाडचा कायदेशीर आधार असलेला सीताराम केशव बोले यांचा ४ ऑगस्ट १९२३ चा ठराव पाणवठ्यांपुरता नव्हता. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या शाळाही त्यात होत्या. म्हणजे तळे आणि शाळा एकाच ठरावात बसले होते.

१९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी सायमन आयोगाला अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन दिले. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांच्या हाती चालले होते, त्याला त्यांनी विरोध केला. लोकशाहीवादी माणूस स्थानिक कारभाराला विरोध का करतो? कारण गावात सत्ता कोणाच्या हातात आहे हे त्यांना माहीत होते. ज्यांच्या हातात पाणवठा, त्यांच्याच हातात शाळा गेली तर आपल्या मुलांचे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. महाडजवळच्या रावढळच्या गोपाळबाबा वलंगकरांची १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांनी केलेला कांगावा याच जिल्ह्यातला आहे.

त्याच सुमारास मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब आणि डॉ. पी. जी. सोळंकी तिचे सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालाचा कल अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळांपेक्षा सर्वांच्या एकत्र शाळांकडे होता. त्याच समितीने आदिवासी आणि डोंगरी जमातींचा विचार अस्पृश्यांच्या बरोबरीने केला. महारवाडा आणि कातकरवाडी एकाच अहवालात आले होते, हे पुढच्या मुद्द्यासाठी लक्षात ठेवा.

सातवी फायनलने घडवलेला माणूस

आज सातवी म्हणजे काहीच वाटत नाही. पण आपल्या आजोबांच्या पिढीला विचारा. इंग्रजांच्या काळात मराठी सातवीच्या शेवटी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा असे. ती पास झालेला माणूस प्राथमिक शिक्षक होऊ शकत असे. तलाठी, कारकून, पोलीस, रेल्वे, टपाल या दारांकडे जाणारी वाट तिथून निघे. 'फायनल झालेला' हा शब्द गावात पदवीसारखा वापरला जाई.

याचा अर्थ असा की उच्च प्राथमिक शाळा, म्हणजे पाचवी ते सातवी, ही आंबेडकरी चळवळीच्या पहिल्या शिकलेल्या पिढीची खरी पायरी होती. कॉलेजपर्यंत पोहोचणारे मोजके. सातवीपर्यंत पोहोचलेला मात्र मास्तर होऊन परत येत होता. तो गावात वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत होता, अर्ज लिहून देत होता, धम्मदीक्षेनंतर वंदना शिकवत होता. शाळेने मास्तर घडवला आणि मास्तराने पुढची मुले शाळेत ओढून आणली. हे चक्र एकदा फिरू लागले की त्याला बाहेरून ढकलावे लागत नाही.

कर्जत-खालापूरच्या मातीत हे चक्र फिरवायला आणखीही हात लागले. माथेरानला न्हावी समाजात १९१२ साली जन्मलेले भाई कोतवाल वकील झाले, माथेरान नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांनी कर्जत भागातल्या गोरगरिबांच्या मुलांसाठी स्वयंसेवी शाळा काढल्या. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते पोलिसांच्या गोळीला बळी पडले. त्यांचा पुतळा आणि जयंती आपल्या तालुक्याला माहीत आहे. त्यांच्या शाळा मात्र भाषणात येत नाहीत.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर नवबौद्धांना राज्याच्या सवलती मिळाल्या. केंद्राने अनुसूचित जातीचा दर्जा मान्य करायला १९९० उजाडले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये ज्या स्थानिक सत्तेची भीती बोलून दाखवली होती, तीच सत्ता पुन्हा शाळेची मालक झाली. फरक एवढाच की आता राज्यघटना होती, आरक्षण होते, बिंदुनामावली होती. त्यामुळे शिक्षकाच्या खुर्चीवर आपली माणसे बसू लागली. बौद्ध समाजातल्या किती घरांत पहिला पगारदार माणूस प्राथमिक शिक्षक होता, हे ज्याने त्याने आपल्या नात्यागोत्यात मोजून पाहावे.

चक्रात न आलेल्या वाड्या

हे चक्र कातकरी आणि ठाकर वाड्यांपर्यंत नीट पोहोचले नाही. २०११ च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याच्या २६ लाख ३४ हजार लोकसंख्येत अनुसूचित जमाती साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आणि अनुसूचित जाती पाच टक्क्यांच्या आसपास आहेत. कर्जत तालुक्यात आदिवासींचे प्रमाण जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. दुसरे दोन कोलाम आणि माडिया गोंड.

इतके असूनही रायगड जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत नाही. आपल्या शेजारचा शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. मुरबाडची काही गावेही आहेत. तिथे पेसा कायदा लागू होतो. शिक्षकासह काही स्थानिक पदांवर स्थानिक आदिवासी उमेदवार घेण्याची राज्यपालांची ९ जून २०१४ ची अधिसूचना त्या क्षेत्रासाठी निघाली. पुढे त्या अधिसूचनेचे आणि अशा आरक्षणाचे न्यायालयात काय झाले हा वेगळा लेखाचा विषय आहे. मुद्दा असा की सीमेच्या पलीकडे शिक्षक कोण असावा यावर निदान वाद तरी झाला. अलीकडे, त्याच ठाकर जमातीच्या, त्याच डोंगराच्या दुसऱ्या उतारावरच्या वाडीत, तो प्रश्न उपस्थित व्हायलाही कायद्याची जागा नाही.

कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते. भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको आणि हाताशी आलेली पोरे सगळीच लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर कुटुंब परत येते. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, शिक्षण हमी कार्डाची योजना आहे. पण ज्या शाळेत सहावी-सातवीला एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो, तिथे भट्टीवर गेलेल्या मुलाचा मागोवा घ्यायचा कोणी?

आश्रमशाळा आहेत, असे उत्तर लगेच येते. आहेत. पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखाली पाथरज, कळंब, भालिवडी अशा ठिकाणी शासकीय आश्रमशाळा आहेत आणि त्यांनी अनेक मुलांना दहावीपर्यंत नेले आहे. पण आश्रमशाळा म्हणजे मुलाने घर सोडायचे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. वाडीतली जी मुले आश्रमशाळेत राहत होती ती वाचली, आणि त्यातली कित्येक अनाथ झाली. त्या काळरात्रीनंतर रस्ता, पुनर्वसन, दरडी यावर पुष्कळ बोलले गेले. पण शिकायचे असेल तर आईबापाला सोडून राहावे लागते, ही त्या मुलांची रोजची परिस्थिती होती, त्यावर बोलले गेले नाही. आणि आश्रमशाळेतल्या शिक्षकांचे तरी काय? २०२५ मध्ये वर्षानुवर्षे रोजंदारीवर शिकवणारे शिक्षक-कर्मचारी ठेकेदारी भरतीच्या विरोधात नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बसले होते.

कायदा काय म्हणतो आणि संचमान्यता काय करते

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंतचे शिक्षण हा हक्क झाला. सहावी ते आठवीसाठी या कायद्याची अनुसूची अगदी स्पष्ट आहे. वर्गाला किमान एक शिक्षक. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तिन्हींसाठी किमान एकेक शिक्षक. ३५ मुलांमागे एक शिक्षक. १०० हून जास्त मुले असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून जास्त पदे रिक्त ठेवता येत नाहीत. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामाला कलम २७ ने शिक्षकाला जुंपता येत नाही. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी.

आता याच काळात शिक्षकाचे काय झाले ते बघा. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. पक्क्या शिक्षकाऐवजी तीन वर्षे मानधनावर राबणारा माणूस. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजार व्हायला २०२३ उजाडले. कायदा लागू होऊन दोन वर्षे झाली तोच मे २०१२ मध्ये राज्याने शिक्षक भरती थांबवली. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली. २०१७ मध्ये पवित्र पोर्टल आले. डी.एड. झालेल्या पोरांची तारुण्ये परीक्षा देण्यात गेली. त्यात आपल्या वस्तीतली पोरे किती होती हे आपल्याला माहीत आहे. जुलै २०२३ मध्ये सरकारने सेवानिवृत्त शिक्षकांना २० हजार मानधनावर घ्यायचा मार्ग काढला. म्हणजे तरुण बेकार आणि निवृत्त गुरुजी कामावर.

कोकणाचे दुखणे आणखी वेगळे आहे. इथे मराठवाड्यातून, विदर्भातून, पश्चिम महाराष्ट्रातून शिक्षक येतात, काही वर्षे काढतात आणि आंतरजिल्हा बदलीने घरी जातात. त्यांना आम्ही दोष देत नाही. परभणी-बीडच्या दुष्काळी गावातला पोरगा कर्जतच्या डोंगरात भाड्याच्या खोलीत राहून म्हाताऱ्या आईबापाकडे जायची वाट बघत असेल तर तो माणसासारखाच वागतो आहे. त्यात आपल्याच चळवळीत वाढलेले कितीतरी शिक्षक आहेत. प्रश्न असा की त्याच्या जागी स्थानिक वाडीतला पोरगा का उभा राहू शकत नाही? उत्तर सोपे आहे. त्या वाडीतला पोरगा सातवीच्या पुढे गेलेला नसतो, कारण त्याला सातवीत शिकवायला कोणी नव्हते. चक्र इथे तुटले आहे.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शाळेत किती शिक्षक द्यायचे हे संचमान्यतेने ठरते, आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. अलीकडे त्यात आधार पडताळणी झालेली मुलेच धरू लागले. ज्या कातकरी मुलाचा जन्म भट्टीवर झाला, ज्याच्या जन्माची नोंदच नाही, त्याचे आधार कुठून जुळणार? ते मूल वर्गात बसते, खिचडी खाते, कविता म्हणते, पण शिक्षक मोजताना ते नसते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष आणखी कडक झाले. सहावी ते आठवीचा पट २०च्या आत असेल तर शिक्षकाचे पदच मंजूर होत नाही, म्हणून 'शून्य शिक्षकी' हा शब्द शिक्षक संघटनांच्या निवेदनांत आणि वर्तमानपत्रांत आला. केंद्राचा कायदा म्हणतो वर्गाला एक शिक्षक. राज्याचा निर्णय म्हणतो आधी वीस डोकी दाखवा.

वीस डोकी कुठे भरत नाहीत? मोठ्या गावात भरतात, शहरात भरतात. डोंगरातल्या वाडीत आणि गावाबाहेरच्या वस्तीत भरत नाहीत. म्हणून हा निकष वरून जातिनिरपेक्ष दिसतो आणि खाली उतरल्यावर नेमका आपल्या आणि आदिवासींच्या मुलांवर पडतो.

'छोट्या शाळा परवडत नाहीत' या युक्तिवादाला उत्तर

डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने दहाच्या आत पट असलेल्या १३१४ शाळा बंद करायचा निर्णय जाहीर केला होता. २०२३ मध्ये समूह शाळांचा प्रस्ताव आला. तेव्हा सरकारनेच आकडा दिला की राज्यात वीसपर्यंत पट असलेल्या १४,७८३ शाळा आहेत, त्यात १ लाख ८५ हजार मुले शिकतात आणि २९,७०७ शिक्षक आहेत. मोठी शाळा, प्रयोगशाळा, ग्रंथालय, खेळाचे मैदान, सोबत्यांची संगत, असे तिचे फायदे सांगितले गेले.

हे फायदे खोटे नाहीत. दोन मुलांच्या वर्गात शिकणे मुलालाही कंटाळवाणे असते, हे मान्य. सपाट भागात, बस असेल तिथे, पालकांशी बोलून अशी सोय होऊ शकते. पण उल्हास आणि पेजच्या खोऱ्यात जुलैमध्ये ओढा चढला की तीन किलोमीटर म्हणजे किती, हे मंत्रालयाच्या नकाशात दिसत नाही. मुलगी वयात आली की जंगलवाटेने शाळेत पाठवायला आई घाबरते. गाडीची सोय कागदावर असते, गाडीवाल्याचे बिल सहा महिने थकते. मग शाळा बंद होते आणि मूल समूहात जात नाही, भट्टीवर जाते.

शिवाय पट कमी का झाला याचे उत्तर कोणी देत नाही. पट एका रात्रीत कमी झाला नाही. ज्यांना परवडले ते नेरळ, कर्जत, खोपोली, बदलापूरच्या इंग्रजी शाळांत गेले. कारण विचारा, सरकारी शाळेत मास्तर नाही असे सांगतील. मास्तर नाही म्हणून पट घटला, पट घटला म्हणून मास्तर नाही. हे गोल फिरणारे गाडे सरकारने स्वतः ढकलले आणि आता त्याचा दोष पालकांवर टाकते आहे.

याचा सामाजिक अर्थ नीट समजून घ्या. शंभर वर्षांपूर्वी अस्पृश्यांची वेगळी शाळा असे. स्टार्ट समितीने एकत्र शाळेचा आग्रह धरला. आज पैसेवाल्या जातींची मुले एका इमारतीत आणि कातकरी, ठाकर, बौद्ध, परप्रांतीय मजुरांची मुले दुसऱ्या इमारतीत. वेगळी शाळा परत आली आहे. तेव्हा तिला सरकारी हुकूम लागत होता, आता फी पुरते. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांनी ही भिंत थोडी तरी फोडायची होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला त्या जबाबदारीतून सोडणारा नियम केला. १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयात लढले म्हणून निदान तेवढे वाचले.

चाळण चौथीवरून आठवीवर

१९२७ मध्ये बाबासाहेबांनी दाखवलेली चाळण चौथीला होती. आज आपल्या भागात मुले चौथी-पाचवीपर्यंत येतात. खिचडी आहे, गणवेश आहे, वाडीत शाळा आहे. चाळण पुढे सरकून सहावी ते आठवीवर आली आहे. वाडीतली शाळा संपते, केंद्राची शाळा लांब असते, तिथे विषयशिक्षक नसतो, नववीला हायस्कूलमध्ये गेल्यावर गणित समोर येते आणि मूल सुटते. सरकारदरबारी त्याचे नाव गळती. आपल्या भाषेत ती वाट अडवणे आहे.

आंबेडकरी तरुणांना हा प्रश्न 'आदिवासींचा' म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. ज्या शाळेच्या दारासाठी आपल्या पूर्वजांनी मार खाल्ला, त्या शाळेत आज सर्वांत मागे बसलेले मूल कातकऱ्याचे आहे. शाळा आपली आहे, कारण ती आपण मिळवली आहे. आपल्या वस्तीतले मूल आज तिथे असो वा नसो, ती मोडू देणे म्हणजे महाडचा ठराव मोडू देणे.

काम काय करायचे, तेही सांगतो. प्रत्येक शाखेने आपल्या केंद्रातल्या उच्च प्राथमिक शाळांची दोन पानांची नोंद तयार करावी. पहिल्या पानावर इयत्तावार, मुलगे-मुली, प्रवर्गनिहाय पट. दुसऱ्या पानावर मंजूर, कार्यरत, रिक्त पदे आणि प्रत्येक विषयाला शिक्षक आहे की नाही. ही माहिती शाळेच्या यू-डायस नोंदीत आणि संचमान्यतेच्या कागदात असते. मिळाली नाही तर माहितीचा अधिकार आहे. आधार न जुळलेल्या मुलांची वेगळी यादी करा आणि दाखले काढून द्यायला बसा, कारण त्या यादीतली चार नावे एक शिक्षक वाचवू शकतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. ती निवड कातकरवाडीच्या आयांना घेऊन करा. दिवाळीनंतर समिती भरवून काही उपयोग नाही, निम्म्या आया भट्टीवर असतात. ग्रामसभेत ठराव घ्या की आमच्या शाळेला अनुसूचीप्रमाणे तीन विषयशिक्षक हवेत. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या.

आणि शेवटची गोष्ट. वाडीतून आठवी पास होणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मागे बारावीपर्यंत, मग डी.एड.पर्यंत उभे राहा. आपल्या आजोबांनी सातवी फायनलवर जे चक्र फिरवले, ते कातकरी-ठाकर वाडीत फिरल्याशिवाय रिक्त पदांचा रकाना कधी रिकामा होणार नाही. ज्या दिवशी त्याच वाडीतली वाघमारे आडनावाची मुलगी त्याच शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून सही करेल, त्या दिवशी जोतीरावांच्या १८८२ च्या निवेदनाला या तालुक्याने उत्तर दिले असे आम्ही म्हणू.

जय भीम. जय जोती. जय आदिवासी.